रेटिक्युलर फॉर्मेशन उर्फ मेंदूच्या देठातलं जाळं : बाबांची झोप, मोटिव्हेशनवाले आणि खरं काय

कृष्णाकाठ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी बाबा उठलेच नाहीत. म्हणजे हाक मारली की डोळे उघडायचे, "हं" म्हणायचे आणि परत घोरायला सुरुवात. आमचे बाबा म्हणजे पाचच्या ठोक्याला उठून बंब पेटवणारा माणूस. शुगर बघितली, नॉर्मल. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नाही, बोललं तर शब्द बरोबर, फक्त बोलायला जागे राहतील तर ना. शेजारचे म्हणाले अशक्तपणा असेल. दवाखान्यात नेलं तर सीटी स्कॅन क्लीन, सलाइन लावलं, दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी एका नवीन डॉक्टरांनी बाबांना चिमटा काढून जागं केलं आणि माझं बोट बघा म्हणून बोट फिरवलं. डावी उजवीकडे डोळे गेले, वर काही जाईनात. त्यांनी लगेच एमआरआय करायला लावला. दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या मधोमध असलेलं, वर जाणारी माहिती पुढे धाडणारं ठाणं) आणि मिडब्रेनच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाच्या, वरच्या टोकाला छोटे छोटे ठिपके. स्ट्रोक. काही लोकांना म्हणे दोन्ही बाजूंना रक्त पुरवणारी एकच बारीक धमनी असते, पर्शेरॉनची धमनी म्हणतात तिला, ती बंद झाली की दोन्हीकडे एकदम घाव.

डॉक्टर म्हणाले, "घरातले दिवे शाबूत आहेत, मेन स्विच खाली पडलाय." आणि एक शब्द वापरला, रेटिक्युलर ॲक्टिव्हेटिंग सिस्टीम (आरएएस), म्हणजे शीर्षकातल्या जाळ्याची मेंदूला जागं ठेवणारी यंत्रणा. मी रात्री आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून तो मोबाईलवर शोधला आणि काय आलं सांगू? पहिले वीसेक व्हिडिओ सगळे "तुमची आरएएस प्रोग्राम करा आणि श्रीमंत व्हा". ध्येय कागदावर लिहा, मेंदूतला हा फिल्टर तुम्हाला संधी दाखवेल वगैरे. माझे बाबा आत उठत नाहीयेत आणि हे लोक त्याच भागाच्या नावावर सेमिनारची तिकिटं विकतायत. डोकंच फिरलं.

मग सहा महिने जमेल तसं वाचलं. मी डॉक्टर नाही, सिव्हिलवाला आहे, चुकलं तर इथले डॉक्टर लोक कान पकडतीलच.

मेंदूचा देठ म्हणजे ब्रेनस्टेम. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला, ज्याला आपण शाळेत मस्तिष्कपुच्छ म्हणून पाठ केलं. जाडीला साधारण अंगठ्याएवढा. पुढच्या बाजूने हातापायांकडे जाणाऱ्या हुकमाच्या तारा, आत चेहरा-डोळे-जीभ वगैरेंच्या नसांची ठाणी, आणि या सगळ्यांच्या मधली जी जागा उरते तिथे हे जाळं. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली तिथे ना धड गठ्ठा दिसला ना धड तार, पेशी आणि तंतू एकमेकांत गुंतलेले, म्हणून नाव दिलं जाळीदार रचना. जर्मनीचा ओटो डायटर्स याने त्याचं बारकाईनं वर्णन केलं, बिचारा १८६३ मध्ये तिशी उलटायच्या आत गेला आणि पुस्तक १८६५ ला त्याच्या पश्चात निघालं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मांजरांची. १९३५ ला ब्रसेल्समध्ये फ्रेडरिक ब्रेमर नावाच्या माणसाने मांजराच्या मेंदूला दोन वेगवेगळ्या जागी छेद दिले. मेड्युला आणि मणक्याच्या मध्ये कापलं तर मेंदू झोपायचा, जागा व्हायचा, चक्र चालू. पण वर मिडब्रेनमधून कापलं तर कायमची झोप. त्याला वाटलं, खालून येणारा स्पर्श, आवाज वगैरे बंद झाला म्हणून मेंदू झोपला, अंधाऱ्या शांत खोलीत आपण झोपतो तसा. दिसायला अगदी पटण्यासारखं. मग १९४९ ला शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मोरुझ्झी (इटलीचा) आणि मॅगून यांनी गुंगीतल्या मांजराच्या या जाळ्याला हलका विजेचा झटका दिला. खरं तर ते दुसरंच काहीतरी तपासत होते. ईईजीवरच्या (मेंदूतल्या विजेच्या आलेखावरच्या) मोठ्या संथ लाटा एकदम गायब, रेघ सपाट झाल्यासारखी. ॲम्प्लिफायर वाढवून बघितला तर बारीक जलद लाटा, म्हणजे जागेपणीच्या. मग त्यांच्या मंडळींनी उलटं पण करून बघितलं, कडेच्या संवेदनांच्या तारा तोडल्या आणि मधलं जाळं ठेवलं तर मांजर जागं, तारा ठेवल्या आणि मधलं जाळं खराब केलं तर मांजर झोपेत. म्हणजे बातमी पोचत होती, पण ऐकायला वर कुणी जागं नव्हतं. बाबांचं हेच झालं होतं असं मला वाटतं.

प्रश्न असा, हे मेन स्विच वगैरे कितपत खरं?

मालनताई

वाचून अंगावर काटा आला. बाबा आता कसे आहेत ते आधी सांगा.

कृष्णाकाठ

@मालनताई, बरे आहेत. पहिले दोन महिने दिवसाचे सोळा-सतरा तास झोप. आता दुपारी लांबलचक झोपतात आणि नावं विसरतात, पण बंब परत पेटवायला लागलेत. वर बघायला अजून मान उचलावी लागते.

शंकासुर

ते सगळं ठीक, पण मोटिव्हेशनवाल्यांना एवढं झोडपू नका राव. मी स्वतःचा अनुभव सांगतो, मला लाल रंगाची एक ठराविक गाडी घ्यायची होती तर रस्त्यावर तीच तीच दिसायला लागली. आधी का दिसत नव्हती? फिल्टर असणारच ना कुठेतरी?

भूलवाला

@शंकासुर, फिल्टर आहे, पत्ता चुकला. गाडी दिसायला लागणं हा लक्ष देण्याचा मामला, त्यात कपाळामागचा आणि माथ्याजवळचा कॉर्टेक्स (मेंदूची बाहेरची साल), डोळ्यांकडून आलेली माहिती हाताळणारा भाग अशी बरीच मंडळी. शिवाय घोळ नावाचा पण आहे. थॅलॅमसभोवती पेशींचं एक पातळ कवच असतं, त्याचं नाव थॅलॅमिक रेटिक्युलर न्यूक्लियस. त्याला लक्षाचा सर्चलाइट म्हणून फ्रान्सिस क्रिकने, हो तोच डीएनएवाला, १९८४ ला कल्पना मांडली होती. नावात रेटिक्युलर आलं म्हणून लोकांनी दोन्हीची खिचडी केली. ब्रेनस्टेममधलं जाळं तुमची गाडी ओळखत नाही हो, त्याला लाल रंग कळत नाही. ते वरच्या मजल्यावरच्यांना जागं ठेवतं, वरचे काय बघायचं ते ठरवतात.

तेवीस वर्षं लोकांना झोपवायचा धंदा करतोय, त्यामुळे @कृष्णाकाठ च्या मूळ प्रश्नाबद्दल थोडं. मेन स्विच ही उपमा नातेवाईकांना समजवायला चांगली, मी पण वापरतो. पण आता कुणीही एक स्विच मानत नाही. त्या जाळ्यात आणि त्याच्या शेजारी वेगवेगळ्या रसायनांची छोटी छोटी ठाणी आहेत. पॉन्सच्या वरच्या भागात लोकस सेरुलियस, अर्थ निळी जागा, कापल्यावर खरंच निळसर दिसते. दोन्ही बाजू मिळून जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास पेशी, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पोचतात आणि नॉरॲड्रेनालिन सोडतात. मधल्या रेषेवर रॅफी, ग्रीकमध्ये शिवण, दोन बाजू मध्ये टाके घालून जोडल्यासारखं दिसतं म्हणून. तिथे सेरोटोनिन. पॉन्स आणि मिडब्रेनच्या हद्दीवर ॲसिटिलकोलीनवाल्या पेशी. यांचे वर जायचे रस्ते ढोबळमानाने दोन, एक थॅलॅमसमधून आणि दुसरा त्याच्या खालून हायपोथॅलॅमसकडून.

२०११ मध्ये उंदरांवर बघितलं तर थॅलॅमस जवळजवळ सगळा काढूनही उंदीर जागे राहत होते, पण पॉन्सच्या वरच्या टोकाचा पॅराब्रॅकियल भागातला तुकडा गेला की कोमा. त्यामुळे तुमच्या बाबांसारख्या केसमध्ये थॅलॅमसपेक्षा मिडब्रेनपर्यंत उतरलेला घाव झोपेला जास्त जबाबदार असतो असं आता बरेच जण मानतात. सीटी क्लीन आला यात नवल नाही, तिथे आजूबाजूला जाड हाडं, पहिल्या दिवसांत सीटीला ते दिसतच नाही बहुतेक वेळा. पण वर बघता येत नाही हे पहिल्या दिवशी कुणी तपासलं असतं तर बरं झालं असतं, त्याला पैसे पण लागत नाहीत. डोळे वर खाली नेणारी ठाणी मिडब्रेनच्या जाळ्यात आहेत, डावी उजवीकडे नेणारी खाली पॉन्समध्ये. म्हणून एक गेलं, दुसरं शाबूत.

तेजू_सेकंड_इयर

भूलवाला काका _/\_ आमच्या सरांनी हे अडीच स्लाईडमध्ये उरकलं. मला फक्त तीन उभे पट्टे पाठ आहेत, मधोमध रॅफी, त्याच्या बाजूला मोठ्या पेशींचा पट्टा जिथून लांब तारा वर पण जातात आणि खाली मणक्यात पण, आणि सगळ्यात बाहेर छोट्या पेशी ज्या आजूबाजूच्या नसांकडून माहिती गोळा करतात आणि चावणं गिळणं वगैरे बघतात. का अशी रचना ते कुणी सांगत नाही.

भूलवाला

@तेजू, शायबेल नवरा-बायकोची १९५८ ची चित्रं कुठे मिळाली तर बघ. मोठ्या पेशींच्या फांद्या देठाला आडव्या पसरतात, एकावर एक, भाकऱ्यांची चवड ठेवल्यासारख्या. वर खाली जाणारी प्रत्येक तार या चवडीतून आरपार जाते आणि जाता जाता फाटे फोडते. म्हणजे एकाच पेशीला त्वचा, कान, पोट, कॉर्टेक्स सगळ्यांकडून चुगल्या. नेमकं कुठे दुखतंय हे तिला कळणार नाही, पण काहीतरी झालंय हे नक्की कळणार. काही मोठ्या पेशी तर आपल्या तंतूचे दोन फाटे करून एक वर आणि एक खाली पाठवतात. दचकल्यावर डोळे सताड उघडतात आणि त्याच क्षणी अंग पण आक्रसतं, ते बघ.

घाटावरचा

म्हणजे आमचे ऑफिसातले शिपाई मामा. काम कुणाचं ते माहीत नाही पण कोण आलं कोण गेलं सगळं माहीत 😂

फिजिओ_वऱ्हाडी

खाली जाणाऱ्या तारांबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी घुसते. आमचं अर्धं पोट त्याच्यावर चालतं. पॉन्समधून मणक्यात जाणारी तार उभं राहायला लागणारे स्नायू ताठ ठेवते, मेड्युलातून जाणारी त्यांना सैल सोडते, आणि दोघींवर वरून कॉर्टेक्सचा वचक. वरचा वचक गेला की ताठपणाचं पारडं जड होतं. लकव्याच्या पेशंटचा हात सुरुवातीला लुळा असतो आणि काही आठवड्यांनी कोपरात आखडायला लागतो ना, त्यात या जाळ्याचा मोठा वाटा आहे. घरचे जोर लावून सरळ करायला जातात, नका करू, जोरात ओढलं की अजून आखडतं.

आणि एक गंमत सांगते जी पुस्तकात फार कुठे सापडत नाही. काही पेशंटचा लकवा झालेला हात, जो महिनाभर इंचभर हलला नाही, तो जांभई देताना आपोआप वर उचलला जातो. जांभई संपली की परत खाली. नातेवाईक रडायला लागतात, देव पावला म्हणतात. याला पॅराकायनेशिया ब्रॅकियालिस ऑसिटान्स असं लांबलचक नाव आहे. समजूत अशी की जांभईचा कारखाना ब्रेनस्टेममध्ये आहे आणि तिथून खाली हाताकडे जायचा जुना रस्ता अजून उघडा आहे, बंद झालाय तो वरून स्वतःच्या इच्छेने हलवायचा. मी घरच्यांना खरं सांगते, यावरून हात परत येईल असं समजू नका. सांगताना जीभ जड होते पण.

मालनताई

माझा वेगळाच प्रश्न, हसू नका. आमचे हे झोपेत लाथा मारतात, मागच्या महिन्यात तर कुणालातरी पकडायला उठले आणि कपाटावर आपटले, सकाळी विचारलं तर म्हणे चोर होता. वय ६१. ही पण या जाळ्याचीच करामत का?

घाटावरचा

ताई चोर पकडला का शेवटी

भूलवाला

@मालनताई, अजिबात हसण्यासारखं नाही, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. स्वप्नांच्या झोपेत पॉन्समधला एक छोटा भाग मेड्युलामार्गे मणक्यापर्यंत निरोप पाठवून सगळं अंग लुळं करून ठेवतो, फक्त श्वास आणि डोळे चालू. नाहीतर आपण सगळेच रात्रभर स्वप्नं खेळत बसलो असतो. फ्रान्समध्ये लियॉनला मिशेल जुव्हे यांनी मांजरांमध्ये हा भाग खराब केला तर मांजरं गाढ झोपेत उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालायची. माणसांतला हाच आजार १९८६ मध्ये अमेरिकेत शेंक आणि महोवाल्ड यांनी नोंदवला, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे पुरुष. यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा आजार होतो म्हणून लक्ष ठेवावं लागतं. काही गोळ्यांनी सुद्धा असं होतं, त्यामुळे चालू औषधांची यादी न्या. आणि आजपासून पलंगाजवळचं टोकदार सामान हलवा.

मालनताई

धन्यवाद डॉक्टर. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली.

विदर्भकन्या

@भूलवाला, फिट आली की कांदा हुंगवतात, चप्पल पण. बेशुद्ध माणसाला नवसागर-चुना. याचा या जाळ्याशी संबंध असेल का, आमच्या आजीचं ठाम मत आहे की कांद्यानेच माणूस उठतो.

भूलवाला

आजी अर्ध्या बरोबर. नवसागर-चुन्यातून अमोनिया निघतो, तो नाकातल्या वासाच्या नसेपेक्षा झोंबण्याच्या नसेला जास्त लागतो, ट्रायजेमिनल. ती थेट ब्रेनस्टेममध्ये शिरते आणि जाळ्याला हलवते. साध्या भोवळीत माणूस दचकून उठेल. भोवळ तशीही आडवं पडलं की एकदोन मिनिटांत जाते, ती गोष्ट वेगळी. फिट मात्र मेंदूतलं विजेचं वादळ आहे, ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला. चप्पल, चमचा, पाणी काही तोंडाशी नेऊ नका, कुशीवर वळवा, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर उचला आणि हॉस्पिटल.

शंकासुर

एक प्रामाणिक शंका. मग ब्रेन डेड, कोमा, व्हेजिटेटिव्ह यात फरक काय? पेपरवाले तर सगळं एकच समजून छापतात.

कृष्णाकाठ

@शंकासुर, हे मी आयसीयूबाहेर बसून वाचलेलं त्यामुळे चांगलं पाठ आहे. कोमा म्हणजे डोळे बंद, कितीही चिमटे काढा जाग नाही. एकतर दोन्ही बाजूंचा कॉर्टेक्स मोठ्या प्रमाणात गेला किंवा वरच्या ब्रेनस्टेममधलं एवढंसं जाळं गेलं. व्हेजिटेटिव्हमध्ये देठ बऱ्यापैकी चालू, त्यामुळे श्वास स्वतःचा, डोळे उघडतात, झोप-जाग पण आहे, पण वरच्या मजल्यावर ओळख नाही. अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत केईएममध्ये होत्या, २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हाच फरक धरला, त्या ब्रेन डेड नाहीत, श्वास स्वतः घेतात. आणि तिसरा प्रकार सगळ्यात भयंकर वाटला मला, लॉक्ड-इन. पॉन्सचा फक्त पुढचा भाग जातो, हुकमाच्या तारा तुटतात, मागचं जाळं शाबूत. म्हणजे माणूस टक्क जागा, सगळं ऐकतोय, आणि हलवता येतात फक्त डोळे, ते पण वर-खाली.

भूलवाला

चांगलं लिहिलंय. ब्रेन डेडचं मी पुरं करतो. आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात शब्दच ब्रेनस्टेम डेथ असा आहे. चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. बाहुली उजेडाला आकसते का, डोळ्याला कापूस लावला तर पापणी मिटते का, कानात गार पाणी घातल्यावर डोळे फिरतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का. शेवटी व्हेंटिलेटरपासून सोडवून नुसता ऑक्सिजन देत रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर जाऊ द्यायचा आणि छातीकडे बघत उभं राहायचं. मेड्युलातल्या पेशी जराही जिवंत असतील तर एवढ्या कार्बन डायऑक्साइडला त्या श्वास घेतल्याशिवाय राहत नाहीत. ती आठ-दहा मिनिटं खोलीत कुणी बोलत नाही. इतकी वर्षं झाली, मला अजून सवय झालेली नाही.

घाटावरचा

काका तुम्ही बोलणंच बंद केलंत आमचं.

फिजिओ_वऱ्हाडी

+१

तेजू_सेकंड_इयर

वातावरण हलकं करायला, त्या श्वासाच्या ठाण्याचं नाव प्री-बोट्झिंगर कॉम्प्लेक्स आहे आणि बोट्झिंगर ही जर्मन वाईन आहे!! फेल्डमन नावाचे शास्त्रज्ञ जेवणाच्या टेबलावर बसलेले आणि समोर बाटली होती, तेच नाव देऊन टाकलं. शेजारच्या भागाला आधी, मग याला प्री लावून. १९९१ ला उंदराच्या पिल्लांच्या मेड्युलाचा पातळ काप काढून दाखवलं की तेवढाच तुकडा बशीत पण लय धरतो. उद्या व्हायवा आहे, हे सांगितलं तर मार्क देतील का हाकलतील?

भूलवाला

सांग, पण एक्झामिनर कोण आहे ते बघून सांग. आणि @कृष्णाकाठ, एक दुरुस्ती. मी वर लोकस सेरुलियसबद्दल लिहिताना ते जागेपणाचं ठाणं असल्यासारखं वाटलं असेल. एकटं ते गेलं तरी माणूस झोपून राहत नाही. आयसीयूत डेक्समेडेटोमिडिन म्हणून औषध वापरतो, ते मुख्यतः याच ठाण्याला गप्प करतं. पेशंट शांत झोपलेला दिसतो, पण हाक मारली की डोळे उघडून ओळख देतो, परत झोपतो. बाकीची ठाणी चालू असतात ना.

कृष्णाकाठ

बाबांचं अगदी असंच होतं की हो. हाक मारली की "हं". आईला त्या "हं"चाच आधार होता, ती दर दहा मिनिटांनी हाक मारायची. नर्स वैतागायच्या.

तेजू_सेकंड_इयर

झाली व्हायवा. वाईन सांगितली. सर म्हणाले बाटली सोड, पॅराब्रॅकियल कुठे आहे ते दाखव. दाखवता आलं नाही 😭